दोन क्रेट कपडे आणि चाकांवरचं घर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी नागपुरात गेली चोवीस वर्षं कपडे शिवते. हे प्रकरण माझ्या जुन्या गिऱ्हाईकांचं आहे. त्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. त्यांना इथे ताई आणि भाऊजी म्हणते. एरवीही तसंच म्हणते.

ताई बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, वय ५४. भाऊजी पॉलिटेक्निकात शिकवायचे, वय ५९. मुलगी लग्न होऊन बाहेरगावी गेल्यावर दोघांनी फ्लॅट भाड्यानं दिला आणि एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये संसार मांडला. आत पलंग, छोटा ओटा, ८० लिटरची पाण्याची टाकी, वर सोलर, खाली १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी. ताई विदर्भातल्या बचत गटांना हिशेब लिहायला शिकवतात, भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळांतून विज्ञानाचे प्रयोग दाखवतात. महिन्यातले वीसेक दिवस दोघंही माणसांसमोर उभे असतात. उरलेले दिवस एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात जातात. नागपूरला कधी दोन, कधी तीन महिन्यांनी चक्कर.

कपड्यांसाठी जागा किती? पलंगाखाली प्लास्टिकचे दोन क्रेट, माणशी एक. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट उंच. त्यात मावेल तेवढंच.

अडचण

नोव्हेंबरात त्यांनी आठ दिवसांची सरावाची फेरी केली, घरातलेच कपडे घेऊन. ताईंकडे सुती साड्या आणि कॉटनचे कुर्ते, भाऊजींकडे कांजी केलेले शर्ट. तिसऱ्या दिवशी एका तालुक्याच्या गावी त्या कार्यालयात पत्र द्यायला गेल्या. रात्र गाडीत काढलेली, कुर्ता क्रेटमधून काढून तसाच घातलेला. दारातल्या माणसानं वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "ओ बाई, मजुरीचे फॉर्म मागल्या खिडकीवर." पत्रावर नाव वाचल्यावर खुर्ची दिली, चहाही आला. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. "मला मजूर समजला याचं दुःख नाही गं," त्या म्हणाल्या, "मजुराशीही असं काहून बोलायचं? पण मला तिथे काम करून घ्यायचं आहे. कपड्यांमुळे पहिली दहा मिनिटं वाया नको जायला."

म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मागणी साधी होती: बादलीत धुता येतील, गाडीत वाळतील, इस्त्रीशिवाय चारचौघांत शोभतील असे कपडे, आणि तेही एका क्रेटमध्ये बसणारे. पण मागणीतली एक गोष्ट त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारली नाही. ती म्हणजे ऊन. २०१३ च्या मे महिन्यात याच शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चंद्रपूर, वर्धा, अकोला कुठेही जा, एप्रिल-मे असाच. जे काही शिवायचं ते त्या उन्हात अंगावर राहणार होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता, आहे तेच कपडे ठेवायचे आणि इस्त्रीची सोय करायची. भाऊजींनी हिशेब मांडला. बॅटरीत सगळी मिळून २४०० वॉट-तास वीज. घरगुती इस्त्री १००० वॉटची, त्यांचा इन्व्हर्टर ६०० वॉटचा, म्हणजे ती चालूच होणार नाही. मोठा इन्व्हर्टर बसवला तरी अर्ध्या तासाच्या इस्त्रीत ५०० वॉट-तास जाणार, बॅटरीचा पाचवा हिस्सा. मे महिन्याच्या रात्री पंखा आणि छोटा फ्रिज त्याच बॅटरीवर. इस्त्री कटली. गावातल्या इस्त्रीवाल्याकडे द्यावेत, तर तो संध्याकाळी ये म्हणतो आणि यांना दुपारीच पुढच्या गावी निघायचं असतं. सरावाच्या फेरीत भाऊजींचा एक शर्ट असाच मागे राहिला.

दुसरा पर्याय सिंथेटिकचा: पॉलिएस्टर क्रेप, जॉर्जेट, किंवा पॉलिएस्टर आणि कापसाची मिसळ असलेलं टेरिकॉट. धुतलं की झटकून टांगायचं, तासाभरात कोरडं.

तिसरा, दुकानात 'रिंकल-फ्री' म्हणून मिळणारं सुती कापड. सुती कापड चुरगळतं त्याचं कारण आधी सांगते. कापसाच्या तंतूतले रेणू एकमेकांना हलकेच धरून असतात. घाम किंवा दमटपणा लागला की ती पकड सैल होते, आणि आपण जसे बसलेलो असतो त्याच वाकलेल्या आकारात वाळताना पुन्हा घट्ट होते. तीच सुरकुती. रिंकल-फ्री कापडात रेझिन लावून हे रेणू कायमचे बांधून टाकतात. त्यानं सुरकुती कमी पडते, पण तंतूचा लवचिकपणा जातो, ताकद कमी होते, आणि कॉलर-बाह्यांच्या कडा लवकर विरतात. रोज बादलीत घासल्या जाणाऱ्या कपड्याला ते सोसणार नाही असं मला वाटलं. आजही वाटतं.

चौथा पर्याय ताईंच्या मनातला होता, साडी. तीस वर्षं बँकेत साडी नेसल्या. पण साडी म्हणजे साडेपाच मीटर कापड, परकर आणि ब्लाउज. आम्ही माझ्या मोरीत एक सुती साडी-परकर धुऊन पाहिला. दोन पाण्यांत खळबळून काढेपर्यंत सतरा लिटर पाणी गेलं. टाकी ८० लिटरची, त्यात स्वयंपाक आणि अंघोळही. रोजची साडी त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. ते ठरवताना त्या बराच वेळ गप्प होत्या, आणि मी घाई केली नाही.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

डिसेंबरात मी त्यांना सिंथेटिकच सुचवलं. ही चूक माझी. परीक्षा मी अशी घेतली: प्रत्येक कापडाचा तुकडा मुठीत मिनिटभर दाबून धरला, मग दहा मिनिटं टांगून ठेवला. क्रेपवर एक रेघ उरली नाही. मग बादलीत धुऊन न पिळता टांगला, चाळीस मिनिटांत वाळला. दोन्हीत पहिला नंबर. ताईंचे सहा क्रेपचे कुर्ते शिवले, भाऊजींचे पाच टेरिकॉटचे शर्ट. रंग गडद, मळखाऊ. क्रेटमध्ये जागा उरली.

डिसेंबरात नागपूरची रात्र १०-१२ अंशांवर येते. त्या थंडीत ते कपडे अंगावर छानच वाटले. रामटेकला जाऊन आले, फोटो पाठवले. दोघंही टापटीप दिसत होते. मला समाधान वाटलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चंद्रपूर जिल्ह्यातून फोन आला. पत्र्याच्या छपराचं समाजमंदिर, पन्नास बाया, तीन तासांचं प्रशिक्षण. "कापड लय चांगलं दिसून राहिलं," ताई म्हणाल्या, "पण मी आत शिजून राहिली." मानेवर, पाठीवर घामोळं उठलं होतं. भाऊजींची तक्रार वेगळी होती, वासाची. धुतलेला शर्ट घातला की अर्ध्या तासात कालचाच वास वर यायचा.

दोन्हीचं कारण एकच. हवेतला ओलावा किती शोषला जातो याचा कापडाच्या धंद्यात एक ठरलेला आकडा असतो: कापसासाठी ८.५ टक्के, पॉलिएस्टरसाठी ०.४ टक्के. बाहेरची हवा अंगाहून गरम झाली की शरीराला थंड राहायला घाम उडून जाणं एवढाच मार्ग उरतो. पॉलिएस्टर तो घाम पीत नाही, आणि विणकाम दाट असलं तर वाराही आत येऊ देत नाही. वर हा धागा पाण्याला दूर ठेवतो पण तेलाला जवळ करतो. अंगाचा तेलकटपणा त्यात मुरतो आणि थंड पाण्याच्या एका बादलीत निघत नाही. हे मला माहीत होतं. पण मी सुरकुतीची परीक्षा घेतली, उन्हाची घेतली नाही. ज्या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल उभी राहिली, जिथे कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, त्या शहरात बसून मी दोन माणसांना मे महिन्यासाठी प्लास्टिकचा धागा दिला, ही गोष्ट मला फार लागली.

इथे त्यांना निर्णय घ्यायचा होता: जूनपर्यंत रेटायचं की परत यायचं? भाऊजी रेटायला तयार होते. ताईंनी मात्र आठ दिवसांचे कार्यक्रम पुढे ढकलले आणि गाडी नागपूरकडे वळवली. घामोळं चिघळलं असतं तर महिना गेला असता. तो निर्णय योग्य होता.

दुसरा निर्णय

या वेळी मी प्रश्न बदलला. डिसेंबरात विचारलं होतं, कोणतं कापड चुरगळत नाही? आता विचारलं, चुरगळलं तरी कोणतं कापड वाईट दिसत नाही?

या प्रश्नाचं उत्तर सुती कापडातच मिळतं. सीरसकरच्या विणीत एक पट्टी ताणलेली आणि एक सैल असते, त्यामुळे कापड मुळातच फुगीर, चुणीदार. क्रश कॉटनला चुण्या घालूनच विकतात. हातमागाच्या खादीत धागा कुठे जाड कुठे बारीक, नजर सपाट पृष्ठभाग शोधतच नाही. सीरसकरचा आणखी एक फायदा: कापड अंगाला सगळीकडे टेकत नाही, मधून हवा खेळते.

इतवारी आणि गांधीबागेत दोन दिवस फिरून आम्ही सात कापडांचे तुकडे आणले. प्रत्येकाचा वीस इंची चौकोन कापला, तीनदा धुतला, वाळवला, टेपनं मोजला. रेयॉन हाताला सुंदर, पण वीसचं साडेअठरा झालं. शिवाय ओलं असताना रेयॉनची ताकद बरीच कमी होते, पिळताना फाटायची भीती. लिनन भाऊजींना फार आवडलं, पण त्याची सुरकुती धारदार पडते, बसून उठलं की मांडीवर जाळं. जाड खादी सकाळी धुतली ती दुपारीही दमट. उरले सीरसकर, क्रश कॉटन आणि पातळ खादी. मग खरी परीक्षा. मी पिन लावून कच्चे कुर्ते बनवले आणि दुपारी दोन वाजता दोघांना गच्चीवर अर्धा तास, पाण्याची बाटली हातात देऊन, सावलीत बसवलं. खाली आल्यावर ताई म्हणाल्या, "आता बोलता येईल मला तीन तास."

दुसरा मुद्दा शिवणीचा. माणूस समोरच्याची कॉलर, बटणपट्टी आणि खांदा पाहतो. एवढं ताठ असेल तर बाकी कापड सैल, चुणीदार असलेलं चालतं. म्हणून ताईंच्या कुर्त्यांना सव्वा इंचाची उभी कॉलर, आत बकरम, म्हणजे ताठपणासाठी घालायचं कडक कापड. बटणपट्टी दुहेरी. खांद्याची शिवण नेमकी हाडावर, कारण खांदा उतरला की सगळा कपडा उसना वाटतो. आतल्या कडा दुमडून दुहेरी शिलाई, म्हणजे बादलीतल्या घासण्यानं दशा निघणार नाहीत. सगळं कापड शिवण्याआधी दोनदा भिजवून घेतलं.

रंगाचा निर्णय भाऊजींनी फिरवला. मी पुन्हा गडद म्हणत होते. त्यांनी आपला काळा शर्ट दाखवला, काखेपासून पाठीपर्यंत घामाच्या मिठाची पांढरी नक्षी. पांढऱ्यावर धूळ दिसते, गडदवर मीठ दिसतं. मधले रंग आणि बारीक छापा किंवा रेघा घेतल्या: राखी, मातकट हिरवा, फिका निळा.

आणि साडी. रोजची नाही, पण एक तरी हवी असं ताईंनी ठरवलं. त्यांच्या आईची करवती काठाची टसर रेशमाची साडी. भंडाऱ्याकडचे विणकर विणतात तसली. माझा विरोध होता. जागा जाते, गाडीत धुता येत नाही, पाऊस लागला तर? ताईंनी ऐकून घेतलं आणि ती मलमलीत गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटमागे टांगली.

गाडीतली रीत

नवे कपडे घेऊन ते मे महिन्यातच निघाले. कपडे धुण्याची जी रीत बसली ती अशी. झाकणाच्या बादलीत पाणी, थोडी पावडर आणि दोघांचा एक-एक जोड. झाकण घट्ट लावून बादली मागे बांधायची आणि निघायचं. तासाभराच्या खड्ड्यांत कपडे आपोआप घुसळले जातात. मुक्कामी पोचल्यावर दोनदा खळबळायचे. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे, मग ओलसर असतानाच हँगरवर, हातानं कॉलर आणि पट्टी ओढून सरळ करून. पाण्याच्या वजनानं बाकी सुरकुत्या खाली ओढल्या जातात. साबणाच्या वडीची पावडर करून वापरायचा प्रयोग त्यांनी केला आणि सोडला, कारण बोअरच्या जड पाण्यात साबणाचा राखट थर कापडावर बसतो. डिटर्जंटचं तसं होत नाही.

इस्त्रीचं काम भाऊजींनी सोडवलं. सकाळी चहाचं पाणी उकळतंच. त्यातलं थोडं पितळी तांब्यात ओततात, तांब्याचं बूड फडक्यानं पुसतात, काठ कपड्यात धरतात आणि कॉलरवर, बटणपट्टीवर दाबून फिरवतात. मी हे गाडीत बसून पाहिलं. बकरम किंचित दमट असतं, तांब्या सरकताना हलकी वाफ येते, आणि चार मिनिटांत कॉलर ताठ उभी राहते. पाणी कोमट झालं की तेच दाढीला. त्यांचे वडील असंच करायचे म्हणे. पँट रात्री घडी घालून गादीखाली.

पावसाळा

गडचिरोलीत जुलैचे बारा दिवस ऊनच नाही. कपडे वाळेनात आणि पँटला कुबट वास येऊ लागला. कुर्त्यांना नाही, फक्त पँटना. फोनवर विचारत विचारत कारण सापडलं: कमरपट्टी. मी सवयीनं तिथे दुहेरी कापड, आत बकरम आणि खिशाला जाड अस्तर घातलं होतं. पायाचं कापड तीन तासांत वाळायचं, कंबर दुसऱ्या दिवशीही ओली. ऑगस्टमध्ये ते आले तेव्हा सगळ्या पँट उसवल्या, पुढून एकेरी पट्टी आणि मागे इलॅस्टिक केलं, खिसे जाळीच्या कापडाचे लावले. तोवर रोज एकच जोड धुवायचा आणि रात्री १२ व्होल्टच्या पंख्यासमोर, खिडकी बोटभर उघडी ठेवून टांगायचा, असं त्यांनी निभावलं. 'एक अंगावर, एक दोरीवर, एक तयार' हा हिशेब पावसात पुरत नाही. दोन जास्तीचे लागतात.

नवरात्रातला एक प्रसंग. कार्यक्रमानंतरच्या जेवणात तर्रीचा थेंब ताईंच्या फिक्या निळ्या कुर्त्यावर पडला. त्यांनी लगेच साबण चोळला आणि डाग विटेसारखा लाल झाला. घाबरून व्हिडिओ कॉल केला. हळदीचं असंच असतं, साबणाच्या क्षारानं ती लाल होते. मी सांगितलं, आधी साबण पूर्ण काढा, मग तेलासाठी डिटर्जंट लावून धुवा आणि डाग उन्हाकडे करून वाळवा. साबण गेल्यावर लालाचं पिवळं झालं, आणि दोन दिवसांच्या उन्हात पिवळंही उडालं. ऊन हळदीचा रंग खातं. तो कुर्ता त्या अजून घालतात.

निष्पत्ती

दीड वर्षानंतर क्रेटमध्ये काय आहे ते लिहिते. ताईंचे पाच कुर्ते, तीन पँट, दोन ओढण्या, रात्रीचे दोन होजिअरी जोड. भाऊजींचे पाच शर्ट, तीन पँट, एक बिनबाह्यांचं जाकीट. क्रेपचे दोन कुर्ते आणि टेरिकॉटचा एक शर्ट राहिले, नोव्हेंबर ते जानेवारीसाठी. त्या थंडीत ते उत्तम. बाकीचे ताईंनी वाटून टाकले. घामोळं दुसऱ्या उन्हाळ्यात उठलं नाही. ज्या कार्यालयात मागल्या खिडकीवर पाठवलं होतं, तिथे त्या पुन्हा दोनदा जाऊन आल्या, काम झालं.

टसर साडी तीनदा नेसली गेली. तिसऱ्यांदा एका गटाच्या वार्षिक मेळाव्यात, म्हाताऱ्या बायांनी काठाला हात लावून पाहिला. एकीनं सांगितलं, माझा सासरा हेच विणायचा. ताईंनी हे मला फोनवर सांगितलं आणि मी साडीबद्दलचा माझा विरोध मागे घेतला.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, मी एकदम अकरा कपडे शिवणार नाही. प्रत्येकी एक जोड शिवेन, तीन आठवडे वापरायला देईन, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत. ते शक्य नसेल तर दुपारच्या गच्चीची परीक्षा पहिल्याच दिवशी.

रंगाची परीक्षा आम्ही घेतली नाही. नीळ रंगातला एक खादीचा कुर्ता धुताना फार रंग सोडत नव्हता, पण घामानं ओला झाल्यावर घासून ओढणीवर आणि सीटच्या खोळीवर उतरला. ओला पांढरा रुमाल कापडावर वीसदा घासला असता तर दुकानातच कळलं असतं.

आतले कपडे, टॉवेल, मोजे यांचा हिशेब आम्ही शेवटी केला आणि क्रेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यातच गेला. तो आधी करायला हवा.

इन्व्हर्टर मोठा घ्यायला हवा होता का, यावर भाऊजींचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, तांब्या पुरतो. माझं म्हणणं, थंडीत पॉलिएस्टरच्या कपड्यांना तांब्याची गरज नाही आणि उन्हाळ्यात सुतीला आहे, म्हणजे गॅस नेमका उन्हाळ्यातच जास्त जळतो. पण चहा तर होतोच, असं ते म्हणतात, आणि तेही खरं आहे.

गाडी बुधवारी नागपुरात येते आहे. राखी आणि फिक्या निळ्या कुर्त्याच्या कॉलरची घडी विरली आहे. कापड अजून चांगलं आहे, म्हणून कॉलर उसवून पलटवून लावणार आहे. बकरम कापून ठेवलं आहे.